विश्लेषण : नवी कार घेतली? पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय करावे, काय टाळावे?

दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया. मुहूर्ताच्या दिवशी कोणत्याही शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग दिसते. पूजा होते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात. आणि बहुतेक घरांत त्याच आठवड्यात बेत ठरतो, पहिली फेरी कुलदैवताला! तुळजापूर, जेजुरी, कोल्हापूर, वणी. गाडीत पाच माणसे, डिक्की सामानाने भरलेली, वाटेत एखादा घाट आणि पुढे मोकळा महामार्ग.

आनंदाच्या या प्रवासात एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या गाडीचे इंजिन नवे असते, टायर नवे असतात, ब्रेक नवे असतात आणि अनेकदा स्टीअरिंगमागे बसलेला माणूसही त्या गाडीला नवा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील एका शोरूममध्ये याचे टोकाचे उदाहरण दिसले. नव्या गाडीच्या चाकाखालचे लिंबू चिरडताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला आणि गाडी पहिल्या मजल्यावरून काच फोडून थेट खाली कोसळली. एअरबॅग उघडल्या आणि मोठा अनर्थ टळला.

नवी गाडी पहिले काही आठवडे कशी चालवावी, 'रनिंग-इन' म्हणजे नेमके काय, त्यामागचे शास्त्र काय आणि सुरक्षेच्या दृष्टीने कोणत्या चुका महागात पडू शकतात, हे जाणून घेऊ.

'रनिंग-इन' म्हणजे काय?

नव्या गाडीचे फिरणारे आणि एकमेकांवर घासणारे भाग एकमेकांशी नीट जुळून येण्याचा जो सुरुवातीचा काळ असतो, त्याला 'रनिंग-इन' किंवा 'ब्रेक-इन' म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर नव्या चपलेसारखे. माप बरोबर असले तरी पायाला बसायला थोडे दिवस लागतात.

हा काळ किती असावा, हे कंपनी आणि इंजिननुसार बदलते. मात्र बहुतेक कार कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या साधारण १००० ते १५०० किलोमीटरचा उल्लेख असतो. काही टर्बो इंजिनांसाठी तो थोडा जास्तही असू शकतो. त्यामुळे शेजारी, मित्र किंवा सोशल मीडियावरील व्हिडीओ काय सांगतात यापेक्षा ग्लव्ह बॉक्समधले मॅन्युअल काय सांगते, ते आधी पाहावे. त्यात या विषयाचे एखादेच पान असते आणि ते वाचायला पाच मिनिटे पुरतात.

इंजिनच्या आत नेमके काय घडते?

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनभोवती धातूच्या पातळ कड्या बसवलेल्या असतात, त्यांना पिस्टन रिंग म्हणतात. इंधन जळल्यावर तयार होणारा वायू खाली निसटू न देणे आणि खालचे ऑइल वर येऊ न देणे, ही दोन कामे या रिंग करतात.

कारखान्यात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा कोरल्या जातात. या प्रक्रियेला होनिंग म्हणतात. या रेषांमध्ये ऑइल साठून राहते आणि भिंतीला वंगण मिळते. सुरुवातीला या रेषांच्या कडा किंचित खरखरीत असतात. रिंग त्यावरून हजारो वेळा घासली की उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला सगळीकडून सारखी टेकते. एकदा हे नीट झाले की इंजिनचे कॉम्प्रेशन चांगले राहते.

आता यात गोम अशी आहे, की रिंगला भिंतीवर दाबण्याचे काम केवळ तिच्यातला ताण करत नाही. जळणाऱ्या वायूचा दाब रिंगच्या मागे जाऊन तिला बाहेर ढकलतो. गाडी अगदीच हळू, भार न देता चालवली तर हा दाब पुरेसा मिळत नाही. उलट पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर तळाला लावला तर घर्षण आणि उष्णता दोन्ही वाढतात. म्हणून इंजिनला काम द्यायचे, पण ते मध्यम आणि बदलते असावे, हा रनिंग-इनचा गाभा आहे.

रिंग नीट बसल्या नाहीत तर भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर चढू शकतो आणि मग इंजिन ऑइल 'पिऊ' लागते. त्याचा त्रास पहिल्या महिन्यात जाणवत नाही, काही वर्षांनी जाणवतो. ॲव्हरेज कमी होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइल भरावे लागते.

आजच्या गाड्यांना याची खरेच गरज आहे का?

हा प्रश्न रास्त आहे. पूर्वीच्या तुलनेत आजचे भाग कितीतरी अधिक अचूक बनतात, ऑइलची गुणवत्ता सुधारली आहे. त्यामुळे ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीच्या काळातले कडक पथ्य आज लागत नाही. पण गरज कमी झाली आहे, संपलेली नाही. होनिंगच्या रेषा आजही असतात, रिंग आजही घासूनच बसतात. शिवाय गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक आणि टायर यांनाही जुळायला वेळ लागतोच. आणि कंपनी स्वतः मॅन्युअलमध्ये सूचना देत असेल, तर ती पाळण्यात तोटा काहीच नाही.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये गाडी कशी चालवावी?

वेग बदलता ठेवावा : एकाच वेगावर तासन् तास गाडी चालवू नये. वेग वाढवावा, थोडा कमी करावा, पुन्हा वाढवावा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सिलिंडरमध्ये काही प्रमाणात ऑइल वर खेचले जाते. त्यामुळे झिजेतून निघालेले सूक्ष्म कण धुतले जातात आणि भाग थंडही होतात.

आरपीएमवर लक्ष ठेवावे : डॅशबोर्डवरील आरपीएम मीटरला जिथे लाल पट्टा सुरू होतो, त्याच्या साधारण निम्म्यापर्यंतच इंजिन फिरवावे, असा ढोबळ नियम आहे. लाल पट्टा ६००० ला सुरू होत असेल तर ३००० ते ३५०० च्या आत राहावे. डिझेल इंजिनचा पट्टा आधी सुरू होतो, त्यामुळे तिथे मर्यादा आणखी खाली. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा.

वरच्या गिअरमध्ये गाडी रडवू नये : अनेक जण 'नवी गाडी आहे, हळू चालवू' म्हणून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने जातात. गाडी धडधडते, तरी गिअर खाली आणत नाहीत. यात पिस्टन आणि बेअरिंगवर कमी आरपीएमला जास्त भार येतो. वेगाप्रमाणे गिअर खाली आणणे हेच योग्य.

थंड इंजिनला घाई करू नये : सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून सावकाश निघावे. दहा-दहा मिनिटे जागेवर सुरू ठेवण्याची गरज नाही. त्याने इंधन जाते आणि इंजिन नीट तापतही नाही. पहिले चार-पाच किलोमीटर मात्र ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. कारण तापमानाचा काटा मध्यावर आला तरी इंजिन ऑइल पूर्ण गरम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.

ओझे मर्यादित ठेवावे : पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ट्रेलर किंवा दुसरी गाडी ओढू नये. छतावर कॅरिअर लावून घरसामान नेणेही टाळावे.

टर्बो असेल तर लगेच बंद करू नये : टर्बोचार्जरचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या बेअरिंगला वंगण इंजिन ऑइलचेच मिळते. महामार्गावरून वेगाने येऊन थेट ढाब्यासमोर इंजिन बंद करण्यापेक्षा शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू यावे किंवा अर्धा-एक मिनिट इंजिन सुरू ठेवावे.

नवी गाडी थेट समृद्धी महामार्गावर नेली तर?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे आणि कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. रस्ता सरळ, सिग्नल नाहीत, वाटेत गावे नाहीत. साहजिकच क्रूझ कंट्रोल लावून तासन् तास एकाच वेगाने जाण्याचा मोह होतो. रनिंग-इनच्या काळात नेमके हेच टाळायला सांगितलेले असते.

याचा अर्थ नवी गाडी महामार्गावर न्यायचीच नाही, असा नाही. जावे लागलेच तर क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, वेग ८० ते १०० च्या दरम्यान बदलता ठेवावा, डाव्या बाजूच्या योग्य मार्गिकेतून जावे आणि दर दीड-दोन तासांनी थांबावे. हा थांबा गाडीपेक्षाही चालकासाठी महत्त्वाचा आहे. एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष सुटते आणि काही सेकंदांची डुलकी चालकाच्या लक्षातही येत नाही.

निघण्यापूर्वी टायरची हवा तपासणे आवश्यक आहे. गाडी कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हातात येईपर्यंत अनेक दिवस यार्डात उभी असते. त्या काळात टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असू शकते आणि काही वेळा ती तशीच राहून जाते. चालकाच्या दारालगतच्या चौकटीवर हवेच्या दाबाचे स्टिकर असते. त्यावर दोन-तीन माणसांसाठीचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा, असे दोन आकडे असू शकतात. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी.

टायर आणि ब्रेकही 'नवखे' असतात का?

हो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हा भाग इंजिनपेक्षाही महत्त्वाचा आहे. इंजिनची हेळसांड काही वर्षांनी खिशाला कळते, टायर-ब्रेकची पहिल्याच वळणावर कळू शकते.

टायर साच्यात तयार होतो. तो साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहू शकतो. शिवाय नवे रबर गुळगुळीत असते. वरचा हा थर झिजून रस्त्याला पूर्ण पकड यायला साधारण ३०० किलोमीटर लागतात. तोवर वळणावर वेग कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे. पावसात तर दुप्पट काळजी घ्यावी.

ब्रेकचेही तसेच. ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांना पूर्ण पृष्ठभागाने टेकण्यासाठी त्यांनाही काहीशे किलोमीटर घासावे लागते. पहिले काही दिवस ब्रेक किंचित 'लाकडी' वाटू शकतात किंवा थोडा आवाज येऊ शकतो. यासाठी मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मागे कोणी नाही ना हे पाहून ५०-६० च्या वेगावरून हळूहळू दाब वाढवत १५-२० पर्यंत वेग कमी करावा. मध्ये थोडे अंतर ठेवून असे आठ-दहा वेळा केले की पॅड बसायला मदत होते.

इथे एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. समोर कोणी आडवे आले तर 'ब्रेक नवे आहेत, जोरात दाबू नयेत' असा विचार करायचा नाही. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा. एबीएस सुरू झाल्यावर पायाखाली ब्रेक पेडल थरथरते, करकर आवाज येतो. अनेक नवे चालक घाबरून त्याच क्षणी पाय उचलतात. तो उचलायचा नाही. एबीएसचा उपयोगच हा, की पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही चाके लॉक होत नाहीत आणि स्टीअरिंग वळवून अडथळा चुकवता येतो.

गाडी थांबायला किती अंतर लागते?

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागतो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक चांगले लागतात, असे धरून साधे गणित केले तर थांबण्याचे एकूण अंतर असे येते :

ताशी ६० किलोमीटर : सुमारे ३७ मीटर
ताशी ८० किलोमीटर : सुमारे ५८ मीटर
ताशी १०० किलोमीटर : सुमारे ८३ मीटर
ताशी १२० किलोमीटर : सुमारे ११३ मीटर

वेग ६० वरून १२० झाला, म्हणजे दुप्पट झाला. अंतर मात्र तिप्पट झाले. आणखी एक तुलना पाहा. दोन गाड्या शेजारी शेजारी जात आहेत, एक १०० ने, दुसरी १२० ने. दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसतो. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी ७० किलोमीटरहून जास्त असतो.

रस्ता ओला असेल आणि टायर अजून रुळलेले नसतील तर १०० च्या वेगाला हेच अंतर १०० मीटरच्या पुढे जाते. म्हणूनच नव्या गाडीने पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' असे मनात मोजावे. त्याआधी आपण खांबापाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे.

पहिल्याच आठवड्यात घाट लागला तर?

पुण्याहून जेजुरीला जाताना दिवे घाट, कोल्हापूरला जाताना खंबाटकी, मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा. महाराष्ट्रात देवदर्शन आणि घाट यांची फारकत होत नाही.

चढताना गाडी पूर्ण भरलेली असेल तर वेळीच खालचा गिअर टाकावा. ॲक्सिलरेटर तळाला लावून वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेऊ नये. उभ्या चढावर गाडी थांबवून धरण्यासाठी अर्धा क्लच वापरू नये, हँडब्रेक किंवा हिल होल्डचा वापर करावा. नव्या क्लचला जळका वास येण्याचे हेच मोठे कारण असते.

उतरताना नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. ऑटोमॅटिक गाडीतही मॅन्युअल मोड किंवा 'एल' पर्याय त्यासाठीच असतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापतात आणि ऐन वेळी ब्रेक कमी लागतात. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणे तर निव्वळ आत्मघात आहे. त्यात इंधनही वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने इंधनाचा पुरवठा बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी इंधन लागतेच.

सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनीही का लावावा?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. गाडी महागडी आणि सुरक्षेसाठी नावाजलेली होती. पण बेल्ट नसेल तर गाडीची बाकीची सुरक्षा अपुरी पडते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. यात ८ हजार ३८४ चालक होते आणि ८ हजार ३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे मृत्यू हे गाडी न चालवणाऱ्यांचे होते.

एअरबॅग ही सीटबेल्टला पर्याय नाही. ती डोळ्याची पापणी लवण्याआधी, काही शतांश सेकंदात फुगते. बेल्ट नसेल तर शरीर आधीच पुढे गेलेले असते आणि एअरबॅगचाच जबर मार बसू शकतो. चालकाची छाती आणि स्टीअरिंगचा मध्यभाग यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर असावे. हेडरेस्टचा वरचा भाग डोक्याच्या उंचीला असावा, नाहीतर मागून धडक बसल्यावर मान जोरात मागे फेकली जाते.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा निष्काळजीपणा. गणित पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्याही आईवडिलांच्या हातात नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलांना सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पाठीमागे तोंड असलेली चाइल्ड सीट, सुरू असलेल्या एअरबॅगसमोर पुढच्या आसनावर कधीही लावू नये.

ॲक्सेसरीज लावताना काय टाळावे?

गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक खर्च ॲक्सेसरीजवर होतो आणि सुरक्षेत छिद्रेही तिथेच पडतात.

साध्या सीट कव्हरमुळे आसनाच्या कडेतून उघडणारी साइड एअरबॅग अडकू शकते. त्यासाठी शिवण मोकळी ठेवलेली, एअरबॅगला चालणारी कव्हर मिळतात, तीच घ्यावीत. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती ठेवताना ती प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नये. एअरबॅग उघडली तर ती मूर्ती गोळीसारखी प्रवाशाच्या दिशेने येईल. ती मधल्या भागात किंवा चिन्ह असलेल्या जागेपासून दूर ठेवावी.

पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवणे बेकायदा आहे. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. गाडीचा पुढचा भाग धडकेची ऊर्जा शोषून दुमडावा अशा रीतीने बनवलेला असतो, गार्डमुळे धक्का थेट चेसिसला बसतो. पादचाऱ्यालाही जास्त इजा होते.

सीटबेल्टचा 'टिंग टिंग' आवाज बंद करणाऱ्या क्लिप तर वापरूच नयेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपची विक्री थांबवण्याचे आदेश दिले होते. वायर कापून बसवलेले हॉर्न, लाइट किंवा म्युझिक सिस्टीम हेही धोक्याचे. शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते आणि वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

चालकाचेही 'रनिंग-इन' हवे का?

नक्कीच. जुनी गाडी दहा वर्षे चालवलेल्या माणसालाही नव्या गाडीची लांबी-रुंदी, क्लच कुठे उचलतो, ब्रेक किती हलका आहे, हे हाताला बसायला वेळ लागतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस गर्दी नसलेल्या वेळी, ओळखीच्या रस्त्यावर गाडी फिरवावी. दिवे, वायपर, काचेवरचे बाष्प घालवायचे बटण कुठे आहे, हे गाडी उभी असताना शिकून घ्यावे. पावसात, रात्री, चालत्या गाडीत ते शोधायची वेळ येऊ नये.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्यांनी डावा पाय पूर्ण विसरायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबला जाणे किंवा गोंधळात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे, असे प्रकार पार्किंगमध्येच जास्त होतात. गाडी हलवताना आणि पूजेच्या वेळी पुढे-मागे कोणी उभे राहू नये, हा साधा नियम पाळावा.

'अडास' असलेल्या गाड्यांमध्ये गाडी स्वतः ब्रेक लावते किंवा स्टीअरिंग किंचित वळवते. अचानक दुचाकी समोर आली तर गाडी झटक्यात ब्रेक लावू शकते, तेव्हा मागून येणाऱ्याचा अंदाज चुकतो. ही यंत्रणा काय करते आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्यावे. पुसट पट्टे, खोदकाम आणि उलट्या दिशेने येणारी वाहने असलेल्या रस्त्यांवर तिच्या भरवशावर राहू नये.

डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे काय?

बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालणे लागते. रोज फक्त दोन किलोमीटर शाळा-बाजार असा वापर असेल तर फिल्टर तुंबू शकतो. सीएनजी गाडीचे इंजिन रचनेने पेट्रोलसारखेच, त्यामुळे रनिंग-इनचे नियमही तेच.

इलेक्ट्रिक गाडीला पिस्टनच नसतो, त्यामुळे इंजिनचे रनिंग-इन नाही. पण टायर आणि ब्रेकचे आहे. उलट या गाड्या वेग कमी करताना मोटरच्या साह्याने बॅटरी चार्ज करतात, त्यामुळे ब्रेक पॅड कमी वापरले जातात आणि बसायला जास्त वेळ लागतो. शिवाय पेडल दाबताच पूर्ण ताकद मिळते. सवय होईपर्यंत 'इको' मोड बरा.

डिलिव्हरी आणि पहिली सर्व्हिसिंग : काय तपासावे?

डिलिव्हरी दिवसाच्या उजेडात घ्यावी. चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळवावा. टायरच्या बाजूला चार आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३५२५' म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. स्टेपनी, जॅक आणि पाना डिक्कीत आहे ना, हे पाहावे. नोंदणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. विनानोंदणी गाडी ग्राहकाला देण्याची विक्रेत्याला परवानगी नाही.

विम्याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे कव्हर अनेकदा एकाच वर्षाचे असते. 'तीन वर्षांचा विमा आहे' म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना दुसऱ्या वर्षी अपघात झाल्यावर सगळा खर्च स्वतः करावा लागतो. पॉलिसीवरील दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाहाव्यात. पीयूसी प्रमाणपत्र मात्र नव्या गाडीला पहिले वर्षभर लागत नाही.

पहिली मोफत सर्व्हिसिंग साधारणपणे १००० किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल तेव्हा असते. गाडी कमी फिरली म्हणून ती चुकवू नये, वॉरंटीच्या नोंदीसाठी ती महत्त्वाची आहे. मोफत असते ती मजुरी, लागणाऱ्या वस्तूंचे पैसे द्यावे लागू शकतात. या वेळी ऑइल बदलायचे की नाही, हे मॅन्युअलप्रमाणे ठरवावे.

तोपर्यंत दर आठवड्याला ऑइलची पातळी पाहावी. पहिल्या काही दिवसांत सायलेन्सरच्या बाजूने हलका जळका वास आला तर तो कारखान्यातील संरक्षक थराचा असू शकतो. वास टिकून राहिला किंवा धूर दिसला तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठावे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासणी हवी. लाल दिवा, विशेषतः ऑइलचा किंवा तापमानाचा, म्हणजे सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावे.

थोडक्यात, हे लक्षात ठेवा

- पहिले ३०० किलोमीटर : टायर-ब्रेक नवे आहेत, अंतर जास्त ठेवा, वळणावर वेग कमी.
- पहिले १००० किलोमीटर : वेग बदलता, आरपीएम मध्यम, क्रूझ कंट्रोल बंद.
- लांबच्या प्रवासाआधी : टायरची हवा थंड असताना तपासा, स्टेपनीचीही.
- घाट : खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नाही.
- प्रत्येक प्रवासात : पुढे-मागे सर्वांचे सीटबेल्ट, मुलांसाठी चाइल्ड सीट.
- आणीबाणीत : ब्रेक पूर्ण दाबा, पाय उचलू नका.

कुलदैवताचे दर्शन पहिल्याच आठवड्यात घ्यायचे असेल तर जरूर जावे. फक्त पहाटे थोडे लवकर निघावे, म्हणजे घाई करावी लागणार नाही. आणि गाडीला हार घालण्याआधी मागच्या आसनावर कव्हरखाली दडपलेले सीटबेल्ट बाहेर काढून ठेवावेत.